भिंगातील बाहुली

माणसाच्या डोळ्यात जिला आपण बाहुली म्हणतो, ती उन्हात गेले की आकुंचन पावते आणि अंधारात शिरले की विस्तारते. हे काम ती न सांगता करते. छायाचित्रकाराच्या भिंगाला अशी बाहुली निसर्गाने दिलेली नव्हती. ती माणसाला स्वतः करावी लागली, आणि तिला हवे तेवढे उघडण्याची व मिटण्याची शिस्त लावण्यात तिच्या कारागिरांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. या कामात कोलकाता शहराचा, आणि त्यातही एका गृहस्थाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात त्या गृहस्थाचे नाव ठाऊक असलेच तर ते एका चित्रपट-दिग्दर्शकाचे आजोबा म्हणून ठाऊक असते.

जुन्या कॅमेऱ्यांची आवड असणाऱ्यांच्या संग्रहात एक विशेष प्रकारचे भिंग आढळते. फुलातील केसर, मुंगीचे डोके, नाण्यावरील अक्षर असे बारीक विषय अगदी जवळून टिपण्यासाठी ते केलेले असते. हाइन्झ किलफिट या जर्मन कारागिराने १९५५ मध्ये लिखटेनश्टाइनसारख्या चिमुकल्या देशातून ‘माक्रो-किलार’ नावाचे भिंग बाजारात आणले, तेव्हापासून या जातीला स्वतंत्र ओळख मिळाली. अशा भिंगांवर छिद्राची दोन कडी असतात. छिद्र किती लहान करावयाचे ते पहिल्या कड्यावर आधीच ठरवून ठेवायचे. दुसरे कडे नुसते फिरवायचे. ते एका टोकाला छिद्र पूर्ण उघडते आणि दुसऱ्या टोकाला, ठरवलेल्या जागी येऊन, आपोआप अडते. पाहताना पूर्ण उजेड हवा, कारण त्याशिवाय रेखीवपणा जुळवता येत नाही. चित्र घेताना छिद्र लहान हवे, कारण त्याशिवाय मुंगीचे डोके आणि पाय दोन्ही एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत. दुसऱ्या कड्यामुळे छायाचित्रकाराला आकड्यांकडे पाहण्यासाठी डोळा कॅमेऱ्यावरून काढावा लागत नाही. पुढे हे काम कॅमेऱ्यातील यंत्रणाच करू लागली. पण जवळचे चित्र घेण्यासाठी भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये नळ्या किंवा भाता बसवला की ती यंत्रणा बहुधा तुटते. म्हणून दोन कड्यांची ही जुनी युक्ती अद्याप निकामी झालेली नाही.

आधी ठरवून ठेवलेले छिद्र एवढाच या युक्तीचा गाभा आहे. जवळच्या वस्तूचे चित्रण, छिद्राचे मोजमाप आणि ते अंदाजावर न सोडता आधी निश्चित करण्याची गरज, हे तीनही प्रश्न किलफिटच्या साठ वर्षे आधी कलकत्त्यात उभे राहिले होते. ते मुंगीसाठी उभे राहिले नव्हते. पुस्तकात चित्र छापण्यासाठी उभे राहिले होते.

वस्तू आणि तिची प्रतिमा सारख्याच आकाराची हवी असेल तर भिंग दोहोंपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे आपल्या नाभ्यंतराच्या दुप्पट अंतरावर, ठेवावे लागते. भाता दुप्पट लांबवल्यावर प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून काचेवर तो चौथा हिस्साच पोचतो. दूरचा डोंगर टिपताना एक सेकंद पुरत असेल तर तेवढ्याच आकाराचा नकाशा उतरवताना चार सेकंद हवेत. आज हौशी छायाचित्रकार फुलावरचा भुंगा टिपताना ज्या हिशेबाला कंटाळतो, तोच हिशेब एकोणिसाव्या शतकात नकाशे उतरवणाऱ्यांना रोज करावा लागत असे. कलकत्त्यातील सर्व्हेयर जनरलच्या कचेरीत छायाचित्रांचा स्वतंत्र विभाग होता आणि १८६६ पासून १८९७ पर्यंत जेम्स वॉटरहाउस हा लष्करी अधिकारी त्याचा कारभार पाहत होता. हाताने काढलेला नकाशा छायाचित्राने जस्ताच्या पत्र्यावर आणि तेथून कागदावर नेण्याचे काम तेथे चाले. इओसिन या रंगद्रव्याने छायाचित्राच्या काचेला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाण आणता येते, हा वॉटरहाउसचा १८७५ चा शोध याच कचेरीतला.

येथे नावाचा एक घोटाळा दूर केलेला बरा. भिंगाच्या नळीत खाच पाडून तीत भोक असलेली धातूची पट्टी सरकवायची आणि उजेड कमी-जास्त करायचा, या जुन्या पद्धतीला ‘वॉटरहाउस स्टॉप’ म्हणतात. ती युक्ती १८५८ मध्ये इंग्लंडातील हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाउसने काढली. कलकत्त्याचा वॉटरहाउस तो नव्हे. पण पट्ट्या मात्र दोघांच्याही त्याच. निरनिराळ्या मापांच्या भोकांच्या अशा पट्ट्यांची चळत कातडी पाकिटात घालून प्रत्येक कारागीर जवळ बाळगीत असे. या पट्ट्यांनाच पुढे कलकत्त्यात एक शास्त्र मिळाले.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचा जन्म १८६३ मध्ये मैमनसिंग जिल्ह्यातील मसूआ गावी झाला. जन्मनाव कामदारंजन. नात्यातील जमीनदार हरिकिशोर यांनी त्यांना बालपणीच दत्तक घेतले आणि नाव बदलले. शिष्यवृत्ती मिळवून ते कलकत्त्यास आले, १८८४ मध्ये बी.ए. झाले, ब्राह्म समाजाकडे ओढले गेले, आणि कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर समाजमंदिरासमोरच्या घरात संसार करू लागले. व्हायोलिन वाजवणे, चित्रे काढणे आणि मुलांसाठी लिहिणे यांत त्यांचा दिवस जाई. बी.ए. झालेल्या तरुणाने सरकारी नोकरी शोधावी असा तो काळ. त्यांनी ती शोधली नाही, आणि त्या खात्याचा तोटा मुलांचा फायदा ठरला.

त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिले आणि त्याची चित्रे स्वतः काढली. त्या वेळी चित्र छापायचे म्हणजे ते लाकडावर कोरून घ्यायचे. कोरणारा कारागीर चित्रातील धूसर छटा रेघांत बसवी. ज्या छटा रेघांत बसत नसत त्या जात. छापील पान हाती आले तेव्हा उपेंद्रकिशोरांना आपली चित्रे ओळखूही येईनात. लाकूड कोरणाऱ्यांची कला थोर होती यात शंका नाही, पण ती दुसऱ्याच्या चित्राची चाकर होण्यास नाखूष होती. मराठी वाचकांनाही हा अनुभव नवा नव्हता. त्या वेळच्या आपल्या मासिकांतील थोर पुरुषांचे चेहरे एकमेकांसारखे का दिसतात, याचे कारण बऱ्याच अंशी कोरणाऱ्याच्या हातात आहे.

उपाय परदेशात निघाला होता. म्यूनिकचा गेओर्ग माइझेनबाख याने १८८२ मध्ये आणि अमेरिकेत फ्रेडरिक आयव्हज, लेव्ही बंधू यांनी पुढे जो मार्ग सिद्ध केला त्याला हाफटोन म्हणतात. छापखान्याची शाई एकाच काळेपणाची असते; ती फिकी करता येत नाही. मग करडा रंग कसा दाखवायचा? लहान-मोठ्या ठिपक्यांनी. काळ्या जागी ठिपके मोठे होऊन एकमेकांना भिडतात, फिकट जागी ते सुईच्या टोकाएवढे उरतात, आणि डोळा दुरून पाहताना त्यांची सरासरी करून छटा पाहतो. हे ठिपके पाडण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत, संवेदनशील काचेच्या किंचित पुढे, आडव्या-उभ्या बारीक रेषा कोरलेली काचेची जाळी बसवतात. एका इंचात शंभर-सव्वाशे रेषा. प्रकाश या जाळीच्या चिमुकल्या घरांतून जातो आणि ठिपक्यांत विभागला जातो.

सांगायला सोपे, करताना कारागीर रडकुंडीला येत. जाळी काचेच्या फार जवळ ठेवली तर ठिपक्याऐवजी जाळीचाच ठसा उमटे. फार दूर ठेवली तर सारे पुसट होई. योग्य अंतर किती, तर ज्याचा हात बसला आहे त्याला ठाऊक. छिद्राची पट्टी कोणती घालावी? तेही त्यालाच ठाऊक. एका चित्रासाठी तीन-तीन पट्ट्या बदलाव्या लागत. उजळ भागासाठी मोठे भोक, मधल्या छटांसाठी मधले, आणि गडद भागांत ठिपका उमटावा म्हणून चित्रापुढे पांढरा कागद धरून क्षणभर अगदी लहान भोक. यंत्र विकणाऱ्या दुकानदारापासून छापखान्याच्या मालकापर्यंत सर्वांचे म्हणणे एकच होते, की हे अनुभवाने जमते. हे वाक्य ज्याच्यापाशी शिक्षक आहे त्याला पुरते. उपेंद्रकिशोरांपाशी शिक्षक नव्हता. त्यांनी १८९५ च्या सुमारास लंडनच्या पेनरोज कंपनीकडून कॅमेरा, जाळ्या आणि रसायने मागवली, शिवनारायण दास लेनमधील घरात मांडली, आणि जवळ कोणी विचारण्यासारखा माणूस नसल्यामुळे त्यांना मुळापासून विचार करावा लागला.

त्यांच्या विचाराचे मर्म असे. जाळीचे प्रत्येक घर ही नुसती खिडकी नसून ते सुईच्या भोकाच्या कॅमेऱ्यासारखे काम करते. बंद खोलीच्या दारातील बारीक फटीतून समोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाची प्रतिमा पडते, तशी जाळीच्या प्रत्येक घरातून काचेवर एक प्रतिमा पडते. कशाची? भिंगातील छिद्राची. झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे कवडसे गोल असतात ते फटी गोल असतात म्हणून नव्हे. सूर्य गोल आहे म्हणून. ग्रहणाच्या दिवशी तेच कवडसे कोरीप्रमाणे दिसतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याचप्रमाणे हाफटोनच्या ठिपक्याचा आकार जाळीइतकाच भिंगातील छिद्रावरही अवलंबून असतो. छिद्र चौकोनी केले तर ठिपका चौकोनाकडे झुकतो.

एकदा हे ध्यानात आले की अंदाजाची जागा त्रैराशिक घेते. छिद्राचा व्यास आणि भिंगापासून काचेचे अंतर यांचे जे प्रमाण, तेच प्रमाण जाळीच्या घराची रुंदी आणि जाळीपासून काचेचे अंतर यांत असले पाहिजे. समजा, जाळीत इंचाला १०० रेषा आहेत आणि रेषा व फट सारख्याच रुंद आहेत. तर फट १/२०० इंचाची झाली. छिद्राचा व्यास भात्याच्या लांबीच्या १/६४ ठेवला, तर जाळी काचेपासून ६४/२०० इंचावर, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश इंचावर आली पाहिजे. चित्र मोठे करायचे म्हणून भाता लांबवला की छिद्रही त्याच प्रमाणात मोठे करायचे, की जाळीला हात लावावा लागत नाही. हिशेब शाळकरी मुलाला येण्यासारखा आहे. पण तो मांडण्यापूर्वी काय कशाशी जोडलेले आहे हे दिसावे लागते, आणि ते पट्ट्या बदलण्याच्या रोजच्या धांदलीत सहसा दिसत नाही.

पेनरोज कंपनी दरवर्षी मुद्रणावरचा एक मोठा सचित्र ग्रंथ काढीत असे. विल्यम गॅम्बल त्याचे संपादक होते. युरोप-अमेरिकेतील या धंद्याचे जाणकार त्यात लिहीत. १८९७ मध्ये त्यात जाळीच्या योग्य अंतरावर उपेंद्रकिशोरांचा लेख आला. पुढच्याच वर्षी ठिपक्याच्या उपपत्तीवर, त्यापुढच्या वर्षी तीच उपपत्ती आकृतींनी समजावून देणारा, १९०१ मध्ये जाळी आपोआप योग्य जागी बसवण्याच्या योजनेवर. कलकत्त्याच्या एका गल्लीतून लंडनला जाणारी ही लेखांची रांग १९११-१२ पर्यंत चालू राहिली. ज्या कंपनीकडून त्यांनी सामान विकत घेतले तिच्याच ग्रंथातून ते त्या सामानाच्या उपयोगाचे शास्त्र सांगू लागले, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्या-प्रजेच्या नात्यात लहान नव्हती.

दोन लेखांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. १९०२-०३ चा लेख प्रकाशाच्या विवर्तनासंबंधी आहे. छिद्र लहान करावे तसे चित्र रेखीव होते हे खरे, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे प्रकाश छिद्राच्या कडेला वळून पसरू लागतो आणि रेखीवपणा उलट घटतो. मुंगीचे चित्र घेणारा आजचा हौशी माणूस जास्तीत जास्त खोली साधण्यासाठी छिद्र मिटवत नेतो आणि मग चित्र मऊ का आले म्हणून भिंगाला दोष देतो. भिंग निर्दोष असते. सुईच्या भोकाच्या उपपत्तीवर विसंबलेल्या माणसाने त्या उपपत्तीची मर्यादा स्वतःच तपासायला घ्यावी, यात उपेंद्रकिशोरांचा खरा शास्त्रीय पिंड दिसतो. आपल्या सिद्धांताच्या कुंपणापर्यंत स्वतःहून चालत जाणारे लोक थोडे.

दुसरा लेख शेवटचा, अनेक छिद्रांच्या पट्टीवरचा. जाळीचे घर जर भिंगातील छिद्राची प्रतिमा पाडते, तर पट्टीत एकाऐवजी अनेक छिद्रे ठेवली तर काय होईल? प्रत्येक घरातून तितक्याच प्रतिमा पडतील. छिद्रांची संख्या, मांडणी आणि माप बदलून, जाळी तीच ठेवून ठिपक्यांची घडण बदलता येईल. बारीक जाळ्या परदेशातून येत आणि फार महाग असत. कथलाच्या किंवा पितळेच्या पट्टीला भोके पाडणे कोणालाही परवडे. त्याआधी त्यांनी साठ अंशांच्या कोनात रेषा ओढलेल्या जाळीचाही विचार मांडला होता. रेषा काटकोनातच छेदाव्यात हा तेव्हा जवळजवळ धर्मनियम मानला जाई.

या सगळ्या उपपत्तीचे फळ पाहायचे तर ते बंगालमधील मासिकांत पाहावे. रामानंद चट्टोपाध्याय यांच्या ‘प्रबासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांतून अवनींद्रनाथ आणि त्यांच्या शिष्यांची रंगीत चित्रे देशभर गेली, त्यांतील अनेकांचे ठसे यू. राय यांच्या कारखान्यातले होते. नव्या भारतीय चित्रकलेविषयी पुण्या-मुंबईत जो वाद झाला, तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ चित्रे पाहिलेली नव्हती. ठशांवरून छापलेली पाहिली होती. वाद कडाक्याचा झाला, त्या अर्थी ठसे चांगले असावेत.

महाराष्ट्रातही त्याच सुमारास एक माणूस याच विद्येमागे लागला होता. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, त्यांनी ठसे करण्याचा धंदा लोणावळ्यास थाटला, तो दादरला नेला, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीस गेले. भागीदारांशी न पटल्याने त्यांनी छापखाना सोडला. पुढे चित्रपटाचा कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय टिपले, तर कुंडीतील वाटाण्याचा कोंब. दररोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. जवळून, सावकाश आणि मोजून पाहण्याची सवय ठसेवाल्याची होती. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात लोकांपुढे आला. त्याच सुमारास कलकत्त्यात उपेंद्रकिशोरांचे ‘संदेश’ हे मुलांचे मासिक निघाले. दोन ठसेवाले, एकमेकांना अपरिचित, एकाच हंगामात आपापल्या मुख्य कार्यास लागले. पुढे फाळक्यांच्या नावाचा १९८४ चा पुरस्कार उपेंद्रकिशोरांच्या नातवाला, सत्यजित राय यांना मिळाला, तेव्हा हे जुने नाते फारसे कोणाला आठवले नसावे.

उपेंद्रकिशोरांचे लेख छापले जात होते, त्यांची वाखाणणीही होत होती. परंतु लेख छापून येणे वेगळे आणि कारखान्यातल्या माणसाने ती पद्धत स्वीकारणे वेगळे. ते काम थोरले चिरंजीव सुकुमार यांच्याकडे आले. कलकत्ता विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन ते १९११ मध्ये इंग्लंडला गेले; आधी लंडनच्या ठसेकामाच्या शाळेत, मग १९१२ मध्ये मँचेस्टरच्या तंत्रशाळेत शिकले. विद्यार्थी म्हणून गेलेल्या या तरुणाने तेथे वडिलांची अनेक छिद्रांची पद्धत प्रत्यक्ष करून दाखवली. १९१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ मध्ये सुईच्या भोकाच्या उपपत्तीवर त्यांनी लेख लिहिला. मुलाने बापाचा व्यवसाय चालवावा हे नेहमीचे. बापाच्या सिद्धांतासाठी परक्या देशात युक्तिवाद करण्याची वेळ मात्र थोड्यांवर येते. हे तेच सुकुमार, ज्यांच्या विसंगत आणि खट्याळ कवितांवर बंगाली मुलांच्या पिढ्या वाढल्या.

मुलगा परतला तेव्हा वडील गडपार रोडवर नवी वास्तू उभारण्याच्या खटपटीत होते. क्रमांक १००. आराखडा त्यांचा स्वतःचा. पुढच्या बाजूस खाली छपाईची यंत्रे, वर ठसे करण्याची आणि अक्षरजुळणीची जागा, मागच्या बाजूस बिऱ्हाड. १९१४ मध्ये कारखाना तेथे गेला. मधुमेहाने खंगलेले उपेंद्रकिशोर त्या घरात फार दिवस राहू शकले नाहीत. २० डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते वारले. सुकुमार १९२२ मध्ये लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे फेलो झाले आणि काळआजाराने १० सप्टेंबर १९२३ रोजी, उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांचे असताना गेले. कर्ता माणूस राहिला नाही. तीन-चार वर्षांत कंपनी बुडाली, यंत्रे आणि घर दोन्ही हातची गेली. त्या वास्तूत पुढे अथेनियम इन्स्टिट्यूशन ही शाळा भरू लागली. काचेच्या जाळीची जागा नंतर फिल्मच्या जाळीने घेतली, आणि तिची जागा संगणकाने. ठिपके आता छिद्राशिवाय पडतात.

सत्यजित त्या घरातून बाहेर पडले तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. आजोबांना त्यांनी पाहिले नव्हते आणि वडिलांची आठवण राहण्याइतके त्यांचे वय नव्हते. पण बालपणाच्या आठवणींत त्यांनी पहिल्या मजल्यावरच्या ठशांच्या खोलीविषयी लिहिले आहे. लहानगा सत्यजित कागदावर काहीतरी रेघोट्या ओढून तेथे जाई आणि हे ‘संदेश’ मध्ये छापायचे आहे असे तेथल्या कामगारास बजावी. कामगार गंभीरपणे मान डोलवी, चित्र मोठ्या कॅमेऱ्यापुढे लावी, आणि मुलाला उचलून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्या चित्राची उलटी प्रतिमा दाखवी.